माझे फोटो इंटरनेटवरून काढताना

माझे खासगी फोटो माझ्या परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकले गेलेत, हे मला ऑगस्ट २०२५ मध्ये कळलं. आज त्यातले बहुतेक निघाले आहेत. मधल्या काळात मला जी माहिती हवी होती ती मराठीत एका जागी कुठे सापडली नाही. जे सापडायचं ते एक तर परदेशातल्या कायद्यांबद्दल असायचं, नाहीतर 'घाबरू नका, पोलिसांत जा' एवढ्यावर संपायचं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. माझी किंवा इतर कुणाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. फोटो कोणी टाकले ते मला माहीत आहे, पण तपास चालू असल्याने त्याच्याबद्दल इथे काही नाही. आणि 'मुळात काढलेच कशाला' या प्रश्नाचं उत्तर शोधायला कोणी आलं असेल, तर तेही इथे मिळणार नाही.

लिंक एका जुन्या सहकाऱ्याने पाठवली. "राग मानू नका, पण तुम्हाला माहीत असावं असं वाटलं," एवढंच खाली लिहिलं होतं. त्याचे मी आजही आभार मानते. बघून गप्प बसलेले आणखी किती असतील, देव जाणे. फोटोत चेहरा अर्धवट होता, पण मागचा पडदा माझ्या जुन्या खोलीतला होता, निळ्या पट्ट्यांचा, खालच्या कडेला उसवलेला. वर शीर्षकात माझं नाव आणि मी कुठल्या क्षेत्रात काम करते ते दिलेलं. फोटोपेक्षा त्या नावाने माझे हातपाय गार पडले, कारण आता कोणीही माझं नाव शोधलं की हे पान समोर येणार होतं.

अशा वेळी हात आपोआप 'रिपोर्ट'च्या बटणाकडे जातो. मी मैत्रिणीला फोन लावला होता, ती म्हणाली, "थांब, काही दाबू नकोस. आधी माझ्या मामेबहिणीशी बोल." ही मामेबहीण वकील; पुढे मी त्यांना ताईच म्हणते. रात्री उशिरा त्या फोनवर आल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं चाललं. "हे बघ, कामं दोन आहेत. फोटो खाली उतरवणं हे एक, आणि त्याला जाब विचारणं हे दुसरं. दोन्ही उद्यापासून सुरू करायची, पण एकासाठी दुसरं अडवून ठेवायचं नाही. एफआयआर झाल्याशिवाय कंपनी फोटो काढत नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. आणि त्याला फोन करायचा नाही, मेसेज नाही, शिवी नाही, विनवणी नाही. तो आलेले मेसेज पुसून मोकळा होईल." मग म्हणाल्या, "आता पुरावा. रिपोर्ट नंतर."

पुरावा आधी का, तर मंचाने, म्हणजे फोटो जिथे टाकलाय त्या साइटने किंवा अ‍ॅपने, मजकूर काढला की पान जातं, आणि पानासोबत टाकणाऱ्याचं खातं, तारीख, खालच्या प्रतिक्रिया असं सगळंच दिसेनासं होतं. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे तक्रारीवरून काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. म्हणजे फोटो खाली उतरले तरी पोलिसांना माग काढता येतो, फक्त तक्रार करून वर्षभर बसून राहायचं नाही. हा १८० दिवसांचा मुद्दा मला पुढे पोलीस ठाण्यात फार उपयोगी पडला.

प्रत्येक पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्यायचा, असा की वरची पत्त्याची ओळ आणि संगणकावरची तारीख-वेळ दोन्ही दिसतील. कात्री लावायची नाही, फोटोवर काळी पट्टी ओढायची नाही. पुरावा जसा आहे तसाच हवा. पानाची लिंक वेगळी आणि फोटोची स्वतःची लिंक वेगळी, दोन्ही लिहून ठेवायच्या. फोटोवर राइट क्लिक करून 'इमेज अ‍ॅड्रेस कॉपी करा' म्हटलं की दुसरी मिळते. पुढे जवळजवळ प्रत्येक अर्जात दोन्ही मागतात. मी एक साधी एक्सेल शीट केली: लिंक, कधी पाहिली, कुठल्या खात्यावरून टाकली, कोणाला कळवलं, कधी कळवलं, पोच क्रमांक, उत्तर. पुढचे कित्येक महिने ती शीट म्हणजेच माझं डोकं होतं.

इथे एक युक्ती सांगते, जी मला कोणी सांगितली असती तर पहिले दोन दिवस बरे गेले असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ठरावीक साइटपुरत्या प्रतिमा बंद करता येतात. पान उघडतं, मजकूर, लिंक, खात्याचं नाव सगळं दिसतं आणि फोटोच्या जागी रिकामी चौकट राहते. पुराव्याचे स्क्रीनशॉट एकदा घेऊन झाले की पुढची तपासणी या रिकाम्या चौकटींवरच करायची. स्वतःकडे पुन्हापुन्हा त्या नजरेने बघण्याची काही गरज नसते. आणि जमत असेल तर हे काम दुसऱ्या कोणाला द्या. नियमात तक्रार पीडित व्यक्तीने 'किंवा तिच्या वतीने कोणीही' करावी असं स्पष्ट आहे. माझ्या अर्ध्याहून अधिक तक्रारी मैत्रिणीने केल्या.

प्रती कुठे कुठे पोचल्यात ते शोधायला माझं नाव अवतरणचिन्हांत घालून वेगवेगळ्या शोधयंत्रांवर शोधलं. फोटोवरून उलटा शोधही घेतला, मात्र पूर्ण फोटो चढवायची हिंमत होईना, म्हणून आधी फक्त पडद्याचा तुकडा कापून दिला. त्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांच्या जाहिराती आल्या. त्या रात्री मी पहिल्यांदा हसले. शेवटी चेहऱ्याचा भाग दिला तेव्हा दोन प्रती सापडल्या. 'चेहऱ्यावरून सगळं शोधून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर मात्र फोटो चढवू नका. तिथे तो कोणाच्या हाती जातो ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मंचांकडे तक्रारी सुरू केल्या. बटणावरचा 'रिपोर्ट' आणि तक्रार अधिकाऱ्याकडची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटण यंत्राकडे जातं. तक्रार अधिकारी हा कायद्याने नेमावा लागणारा माणूस आहे, त्याचं नाव आणि संपर्क कंपनीने साइटवर किंवा अ‍ॅपमध्ये द्यावाच लागतो. बटण दाबलंच, पण खरी भिस्त ईमेलवर ठेवली. २०२१ च्या नियमांतला नियम ३(२)(बी) असं सांगतो की शरीराचे खासगी भाग, पूर्ण किंवा अंशतः नग्नता, लैंगिक कृती दाखवणारा किंवा मॉर्फ केलेला, म्हणजे फेरफार करून बनवलेला, मजकूर असेल तर तक्रार मिळाल्यापासून २४ तासांत तो काढायचा. ही मुदत मी तक्रार केली तेव्हाची. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीत ती आणखी कमी केली आहे. मॉर्फ केलेलेही यात येतात हे लक्षात ठेवा. 'फोटो खोटाच आहे, मग काय तक्रार करणार' असं म्हणून गप्प बसू नका.

ईमेल आठ-दहा ओळींचा होता. वर विषयात नियमाचा क्रमांक. मग 'खालील लिंकवरील छायाचित्रांत मी आहे, ती माझ्या संमतीशिवाय प्रसारित झाली आहेत, नियम ३(२)(बी) प्रमाणे मुदतीत काढून तसं कळवावं आणि संबंधित नोंदी तपासासाठी जतन कराव्यात.' खाली लिंकांची यादी. कोणी, का, केव्हापासून आम्ही एकत्र होतो, यातलं काहीही नाही. मी पहिला मसुदा दोन पानांचा केला होता. ताईंनी त्यातलं सगळं खोडून हे एवढं ठेवलं. "तो वाचणारा माणूस न्यायाधीश नाही. त्याला लिंक आणि नियम दे." ईमेलसाठी नवा पत्ता उघडला, ज्यात माझं पूर्ण नाव नव्हतं. मोठ्या मंचांवरून बहुतेक फोटो एक-दोन दिवसांत गेले. एका मंचाने मात्र 'आमच्या धोरणांचा भंग आढळला नाही' असं उत्तर पाठवलं. त्याचं पुढे सांगते.

याच सुमारास स्टॉपएनसीआयआयवर नोंद केली. ही ब्रिटनमधल्या एका मदतकेंद्राने डिसेंबर २०२१ पासून चालवलेली मोफत सोय आहे आणि १८ वर्षांवरची कुठल्याही देशातली व्यक्ती ती वापरू शकते. नाव ऐकून वाटतं फोटो तिकडे पाठवायचे असतात. तसं नाही. आपण आपल्याच फोनवर किंवा संगणकावर फोटो निवडतो, तिथल्या तिथे त्याचा 'हॅश' तयार होतो, म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ, आणि फक्त ती ओळ पुढे जाते. सहभागी कंपन्या त्यांच्याकडे चढवल्या जाणाऱ्या फोटोंशी ती जुळवून बघतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट, बिंग असे बरेच त्यात आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलनेही सहभाग जाहीर केला. नोंद झाली की केस क्रमांक आणि पिन मिळतो. पिन हरवला तर परत मिळत नाही, म्हणून तो लगेच कागदावर लिहा. मर्यादाही आहेत: फोटोत थोडा फेरफार झाला तरी जुळू शकतो, पण व्हिडिओ किंचितही बदलला तर ओळ बदलते, आणि सहभागी नसलेल्या साइटवर याचा काही उपयोग नाही. ज्यांचे फोटो अजून कुठेच गेलेले नाहीत पण 'टाकीन' अशी धमकी आली आहे, त्यांच्यासाठी ही सर्वांत आधी करायची गोष्ट आहे. वय १८ च्या आतलं असेल तर अमेरिकेतल्या एनसीएमईसी संस्थेची 'टेक इट डाउन' ही अशीच सोय वापरायची.

मग शोधयंत्रं. शोधयंत्र फक्त वाट दाखवतं, फोटो दुसरीकडे असतो. त्यांनी निकाल काढला तरी मूळ पान तिथेच राहतं. तरीही मी आधी निकाल काढण्यामागे लागले, कारण माझं नाव शोधणारे लोक तिथूनच येणार होते. गूगल आणि बिंग दोघांकडे विनासंमती खासगी प्रतिमांसाठी वेगळा फॉर्म आहे. फॉर्ममध्ये लिंका द्यायच्या आणि कोणते शब्द शोधल्यावर निकाल येतो तेही लिहायचं. गूगलच्या फॉर्ममध्ये अशाच प्रकारचे निकाल पुढेही गाळण्याची विनंती करता येते, ती करा. मूळ पान निघून गेल्यावरही निकालांत छोटं चित्र रेंगाळत असेल तर 'आउटडेटेड कंटेंट' नावाची वेगळी सोय आहे. २६ एप्रिल २०२३ ला दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात असं म्हटलं होतं की तोच मजकूर पुन्हा वर आला तर पीडितेला दर वेळी नव्या लिंका घेऊन दारात उभं करू नये. एका शोधयंत्राकडून नकार आला तेव्हा ताईंनी त्या निकालाचा उल्लेख करून पुन्हा लिहिलं, आणि काम झालं.

सगळ्यात चिवट निघाल्या त्या लहानसहान साइट. ना तक्रार अधिकारी, ना पत्ता, नुसता एक फॉर्म, तोही न चालणारा. अशा साइटच्या मालकामागे लागण्यात वेळ घालवू नये. ती ज्याच्या जागेवर उभी आहे त्याला गाठावं. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअप पानावर साइटचं नाव टाकलं की डोमेन, म्हणजे ते नाव, कोणाकडून घेतलंय ते कळतं. होस्टिंग कंपनी, म्हणजे साइट जिच्या सर्व्हरवर ठेवलेली असते ती, कोणती ते मात्र बऱ्याचदा दिसत नाही, कारण मध्ये सीडीएन नावाचा आडपडदा असतो. त्या सीडीएन कंपनीकडे गैरवापराची तक्रार केली की ती होस्टिंग कंपनीचं नाव तरी कळवते किंवा तक्रार तिच्याकडे पोचवते. इथे जपून: अशी तक्रार कधीकधी नावानिशी साइटच्या मालकाकडेही जाते. त्यामुळे या पायरीपासून सगळा पत्रव्यवहार ताईंच्या नावाने केला.

जे फोटो मी स्वतः काढले होते त्यांच्यासाठी आणखी एक हत्यार होतं, कॉपीराइट. फोटो काढणारी व्यक्ती त्याची पहिली मालक असते, सेल्फी असेल तर आपणच. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली नोटीस पाठवली की नग्नतेच्या तक्रारीला ढिम्म न हलणाऱ्या होस्टिंग कंपन्याही हलतात, हे बघून हसावं की रडावं कळेना. माझ्या शरीरापेक्षा माझी मालकी लवकर पटली. पण समोरच्याने काढलेल्या फोटोंवर हा दावा करता येत नाही, खोटं विधान अंगाशी येऊ शकतं. आणि नोटिशीतलं नाव-पत्ता टाकणाऱ्यापर्यंत पोचू शकतो. म्हणून तीही वकिलांमार्फत.

एका साइटने 'काढायचं असेल तर पैसे भरा' असं उत्तर दिलं. त्याच आठवड्यात 'आम्ही तुमचे फोटो हटवून देऊ' असे दोन अनोळखी ईमेलही आले. एकालाही पैसे दिले नाहीत. पैसे मागणारा तो ईमेल छापून तक्रारीला जोडला.

आता दुसरं काम, पोलिसांचं. ते मंचांच्या तक्रारींसोबतच सुरू केलं होतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर, महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं ते बघता येत नाही. मी नाव देऊन केली. मोबाइलवर ओटीपी आला, स्क्रीनशॉट चढवले, पोच क्रमांक मिळाला. हा क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, हे नीट समजून घ्या. तक्रार संबंधित पोलीस ठाण्याकडे जाते आणि तिथे पुढचं ठरतं. फोनवर विचारायचं तर १९३० हा क्रमांक आहे.

चार-पाच दिवस वाट बघून ठाण्यातच गेले. त्याआधी एक काम अवघड होतं: घरी सांगणं. तो आईला फोटो पाठवेल अशी भीती होती, म्हणून त्याच्याआधी मीच सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ठाण्यात मी येते. तुझा दादाही आला तर बरं, पण त्याला आधी राग आवरायला सांग." ती आली, स्वतःचं आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, का कोण जाणे. ते कोणी मागितलं नाही, पण ती पिशवी तिने मांडीवरून हलवली नाही.

ठाणे अंमलदार म्हणाले, "हे सायबरचं आहे, तिकडे द्या." ताईंनी मला एक कागद देऊन ठेवला होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. आणि अशा गुन्ह्यांत स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. मी वाद घातला नाही, कागद पुढे केला आणि 'साहेबांना भेटू का?' विचारलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करतो, त्यामुळे शेवटी प्रकरण त्यांच्याकडेच जाणार होतं. तासाभराने एक महिला उपनिरीक्षक आल्या. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना काही दिसू नये. मग त्यांनीही तो प्रश्न विचारलाच, "काढताना संमती होती ना?" होती. त्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचं स्पष्टीकरण त्यांनी स्वतःच काढून वाचलं: चित्रणाला संमती असली तरी ते तिसऱ्याला दाखवायला संमती नसेल, तर प्रसारित करणं गुन्हाच. ते वाचून झाल्यावर त्यांचा स्वर बदलला, आणि माझाही.

कलम ७७ सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ६६ई (खासगीपणाचा भंग) आणि ६७ए (लैंगिक कृतीचा मजकूर पसरवणं) ही कलमं लागली. पहिल्यात तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्यात पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. कलम ७७ स्त्रियांपुरतं आहे, पण ६६ई आणि ६७ए कोणालाही लागू होतात. पुरुषांनी 'आपल्यासाठी कायदाच नाही' असं समजू नये. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या. फोटो पेनड्राइव्हवर बंद पाकिटात दिले आणि पाकिटावर तसं लिहिलं. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलींचे हॅशही लिहायचे असतात. हे ताईंनी भरून दिलं. फिर्याद लिहून झाल्यावर सही करण्याआधी दोनदा वाचा. माझ्या फिर्यादीत एक लिंक अर्धी उतरली होती.

माझा फोन मुद्देमाल म्हणून मागतील याची मला कल्पना नव्हती. त्यांना मूळ फोटो आणि जुने चॅट हवे होते. सिम काढून घेऊ दिलं, पण बँकेचे अ‍ॅप, ईमेलचं दुहेरी लॉगिन सगळं अडकलं. ठाण्यात जाण्याआधी बॅकअप घ्या आणि लॉगिन दुसऱ्या फोनवर हलवा. फोन परत मिळायला बरेच आठवडे गेले. पुढे महिला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला. त्यासाठी मी खूप घाबरले होते; प्रत्यक्षात ते सगळ्यात शांतपणे पार पडलं.

तो नकार देणारा मंच. कंपनीच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या समित्या २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. फी नाही, हजर राहावं लागत नाही. मूळ तक्रार, कंपनीचं उत्तर आणि लिंका जोडल्या. इथे ती एक्सेल शीट कामी आली, कारण तारखा मागतात. निर्णय यायच्या आधीच कंपनीने फोटो काढून टाकले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने याच विषयावर एक कार्यपद्धती जाहीर केली. एका महिला वकिलाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर ती निघाली. त्यात मंच, सायबर पोर्टल, पोलीस आणि वन स्टॉप सेंटर, म्हणजे अडचणीतल्या स्त्रियांसाठीचं सरकारी मदतकेंद्र, असे सगळे मार्ग एकत्र मांडले आहेत. ज्यांना स्वतः ईमेल-फॉर्म करणं जमणार नाही त्यांच्यासाठी वन स्टॉप सेंटर हा चांगला पर्याय आहे; १८१ वर फोन केला की जवळचं कुठलं ते कळतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे १५१०० वर विचारा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो.

खर्च म्हणाल तर सरकारी आणि कंपन्यांच्या सगळ्या प्रक्रिया फुकट होत्या. ताईंनी ओळखीत असूनही फी घ्यावी असा मीच आग्रह धरला, ती सगळी मिळून आठ हजार. प्रिंट, पेनड्राइव्ह, रिक्षा हे वेगळं. रजा गेल्या त्या गेल्याच. ऑफिसात साहेबांना दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं: माझ्याबाबत सायबर गुन्हा घडलाय, पोलिसांत तक्रार आहे, कोणाकडे काही आलं तर पुढे पाठवू नये. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

झोप मात्र बिघडली. रात्री-अपरात्री उठून स्वतःचं नाव शोधायची सवय लागली होती, आणि काही सापडलं नाही की बरं वाटण्याऐवजी 'नीट शोधलं नसेल' असं वाटायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला, तिथल्या बाईंनी एक साधा उपाय सुचवला: शोधायचं काम दुसऱ्याला द्या आणि दिवस ठरवा. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मैत्रीण तपासते आणि काही असेल तरच मला सांगते. इतर दिवशी माझं नाव मी शोधत नाही. दर वेळी जमतं असं नाही.

सध्याची स्थिती अशी: मोठ्या मंचांवर काही उरलेलं नाही, नावाने शोधल्यावर पहिल्या पानांवर काही येत नाही. दोषारोपपत्र अजून दाखल व्हायचं आहे. तपास अधिकाऱ्यांनी कंपन्यांना नोंदी जपून ठेवण्याची पत्रं १८० दिवसांच्या आत पाठवली आहेत, त्यांच्या प्रती मी मागून घेतल्या. दोन साइट उरल्या आहेत, दोन्हींचं होस्टिंग उत्तर न देणाऱ्या कंपन्यांकडे. त्यातल्या एकीच्या डोमेन विकणाऱ्या कंपनीला पाठवायच्या नव्या पत्राचा मसुदा या आठवड्यात ताईंकडे गेला आहे.